पितळी पिंजरा आणि वेताची करंडी

गेल्या उन्हाळ्यात माझ्या नातीची बदली पुण्याहून बंगळुरूला झाली. भांडीकुंडी, कपाटे, पुस्तके यांची व्यवस्था दोन दिवसांत लागली. घोडे अडले ते एका पाखरापाशी. तिने एक तुरेवाला पोपट पाळला आहे. मूळ ऑस्ट्रेलियाची ही जात. कोकाटील म्हणतात तिला. वजन शंभर ग्रॅमच्या आतबाहेर, पण घरातले निम्मे बेत त्याच्या सोयीने ठरतात. एके रात्री नातीने फोनवर पिंजऱ्यांची सात-आठ चित्रे धाडली आणि खाली विचारले, "आजोबा, मोटारीतून साडेआठशे किलोमीटर न्यायचे आहे याला. यांतला कुठला घेऊ?"

ज्याची उभी हयात इतिहास शिकवण्यात गेली, त्या माणसाला असला प्रश्न विचारू नये. अमुक एक घे, एवढ्यावर भागले असते. मी म्हटले, चार दिवस थांब. आणि कपाटातली पुस्तके खाली काढली. खरे कारण मात्र निराळे होते. तिने पाठवलेले पहिलेच चित्र घुमटाच्या पितळी पिंजऱ्याचे होते, आत झोपाळ्यासारखी एक कडी टांगलेली. अगदी तसला पिंजरा एके काळी आमच्या घरात होता. त्याची हकीकत ओघाने येईलच.

पोपटाचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. पोपटाच्या प्रवासाचा फारसा कोणी लिहिलेला नाही. हा पक्षी माणसाने मुख्यतः दाखवण्यासाठी बाळगला. त्यामुळे तो राहिला त्या पिंजऱ्याची वर्णने जुन्या ग्रंथांत भरपूर सापडतात. तो ज्या टोपलीतून, खोक्यातून समुद्र आणि डोंगर ओलांडून आला, तिच्याविषयी मात्र कवी आणि बखरकार दोघेही गप्प. पालखीचे वर्णन चार पाने करावे आणि भोयांचे नावही घेऊ नये, त्यातलाच हा प्रकार.

आपल्याकडचीच गोष्ट पाहा. जातककथांमध्ये बावेरू जातक नावाची एक कथा आहे. बावेरू म्हणजे बाबिलोन. भारतातले व्यापारी दिशा दाखवायला जहाजावर एक कावळा घेऊन तिकडे गेले. त्या देशात पक्षीच नव्हते म्हणे. लोकांनी शंभर कार्षापण मोजून कावळा विकत घेतला, सोन्याच्या पिंजऱ्यात ठेवला, मासे-फळे चारली. पुढच्या खेपेला व्यापाऱ्यांनी शिकवलेला मोर नेला. तो हजाराला गेला आणि कावळ्याला कोणी विचारीना. कथेचे तात्पर्य काही असो. मला त्यात नवल वाटते ते याचे, की कावळा विकला गेल्यावर तो कोणत्या पिंजऱ्यात बसला हे कथाकाराने सांगितले आहे, पण हजारांचा मोर इतक्या लांब डोलत्या जहाजावरून कशात घालून नेला, याविषयी एक अक्षर नाही.

किंवा बाणभट्ट घ्या. सातव्या शतकातला हा हर्षाच्या दरबारातला पंडित. त्याच्या 'कादंबरी'ची सुरुवातच मुळी एका पोपटाच्या आगमनाने होते. शूद्रक राजाच्या सभेत एक चांडाळकन्या येते. तिच्याबरोबरच्या मुलाच्या हातात पिंजरा आहे. पिंजऱ्याच्या काड्या सोन्याच्या, पण आतल्या पोपटाच्या हिरव्या कांतीने त्या पाचूच्या भासतात, असे बाण सांगतो. त्या पोपटाचे नाव वैशंपायन आणि सारी कथा त्याच्याच तोंडून सुरू होते. आज आपण ज्या वाङ्मयप्रकाराला कादंबरी म्हणतो, त्याला हे नाव याच ग्रंथावरून पडले. म्हणजे दिवाळी अंकातली प्रत्येक कादंबरी दूरच्या नात्याने एका पिंजऱ्यातल्या पोपटाचे देणे लागते! गंमत सोडून देऊ. बाण थोर खरा, कारण त्याने पिंजऱ्यापाशी न थांबता पोपटाचे बाळपणही सांगितले: शेवरीच्या झाडावर चढून पिलांच्या माना मुरगाळणारा म्हातारा शबर आणि पिलाला पंखाखाली झाकून मरणारा बाप. सोन्याच्या काड्यांच्या मागे काय असते, हे त्याने पाहिले होते.

पश्चिमेकडच्या लोकांना पोपट ठाऊक झाला तो आपल्याच देशामुळे. ख्रिस्तपूर्व चारशेच्या सुमारास इराणच्या दरबारी असलेल्या क्टेसियस नावाच्या ग्रीक वैद्याने भारतावर ग्रंथ लिहिला. त्यात ससाण्याएवढ्या, लाल तोंडाच्या आणि काळ्या दाढीच्या एका पक्ष्याचे वर्णन आहे. तो माणसासारखा 'हिंदी भाषा' बोलतो आणि शिकवल्यास ग्रीकही बोलेल, असे क्टेसियस म्हणतो. पुढे सिकंदराच्या आरमाराचा प्रमुख निआर्कस यानेही पोपटाचे कौतुक लिहून ठेवले. खांद्यावर तांबडा डाग असणाऱ्या आपल्या मोठ्या पोपटाला इंग्रजीत अजून सिकंदराचेच नाव आहे. पण इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात आरियन हा इतिहासकार काय म्हणतो? निआर्कसाला पोपट म्हणजे मोठा चमत्कार वाटला, परंतु मी स्वतः पुष्कळ पाहिले आहेत आणि इतरांनाही ते माहीत आहेत, तेव्हा त्याचे वर्णन मी करत बसत नाही. साडेचारशे वर्षांत चमत्काराची घरगुती वस्तू झाली. म्हणजे या मधल्या काळात किती पोपट तिकडे गेले असतील!

ते गेले कसे? आपल्या मालाचा रस्ता ठाऊक आहे. पाखरांचा निराळा असण्याचे कारण नाही. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याच्या वृत्तांतात भडोच, सोपारा, कल्याण ही नावे येतात. परतीची जहाजे मार्गशीर्ष-पौषात ईशान्येचा वारा धरून निघत. तांबड्या समुद्रात बेरेनिके बंदराला माल उतरे. तिथून उंटांवरून वाळवंटातले बारा दिवस. उन्हापायी बहुतेक चाल रात्रीची, असे प्लिनी नोंदवतो. मग नाईल नदीतून अलेक्झांड्रिया आणि तिथून पुन्हा समुद्र. इतके सगळे सोसून जो राघू रोमला पोचे, त्याची तिथली शाळा कशी? प्लिनी सांगतो, पोपटाचे डोके चोचीइतकेच टणक असते, म्हणून बोलायला शिकवताना त्यावर लोखंडी कांबीने मारावे लागते, नाहीतर त्याला ते जाणवत नाही. हाच प्लिनी एक गोष्ट मात्र बारकाईने पाहतो. पोपट उतरताना चोच आधी टेकतो आणि तिच्यावर भार घेतो, कारण त्याचे पाय दुबळे. पायांविषयीचे त्याचे म्हणणे खरे नव्हे, पण चोच हा पोपटाचा तिसरा पाय आहे, हे निरीक्षण सोळा आणे खरे. जमीन हलली की पोपट प्रथम चोचीने काहीतरी घट्ट धरू पाहतो. हे ध्यानात ठेवावे.

रोममध्ये पोपटावर विलापिकाही झाल्या. ओव्हिडने आपल्या प्रेयसीच्या पोपटावर एक लिहिली. स्टेशियस नावाच्या कवीने मेलिऑर या आपल्या श्रीमंत मित्राच्या पोपटावर दुसरी. हा पोपट आदल्या रात्री मेजवानीत पाहुण्यांमधून हिंडत होता; दुसऱ्या दिवशी गेला. त्याच्या घराचे वर्णन कवीने हौसेने केले आहे. तांबूस झळाळणारा घुमट, रुप्याच्या काड्या, त्यांना हस्तिदंताचे जोड आणि चोचीच्या आघाताने करकरणारी दारे. आता तो महाल रिकामा, असे कवी हळहळतो.

स्टेशियसचा तो रिकामा घुमट वाचला आणि मला पुस्तक मिटून ठेवावे लागले. तेव्हा आमच्या पिंजऱ्याचे आता सांगून टाकतो.

साल १९६१, मे महिना. वडील रत्नागिरीकडच्या एका खेड्यात शिक्षक होते; त्यांना मुंबईत नोकरी लागली आणि घर हलवायचे ठरले. आमच्याकडे आत्या असे. बालविधवा, तिचे सारे विश्व म्हणजे आम्ही तिघे भाचरे आणि एक राघू. आमच्याकडचे पोपट पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि पुढच्या व्यापारबंदीने गुन्हा ठरले; त्या काळी मात्र कोकणात दर चार घरांआड एक पिंजरा टांगलेला असे आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. राघू आत्याच्या वेताच्या करंडीवजा पिंजऱ्यात वाढला होता. पण मुंबईला जायचे, तर राघूनेही नीट जावे, म्हणून वडिलांनी बाजारातून नवा पितळी पिंजरा आणला. घुमट, घुमटावर कळस, आत झोपाळा. आत्याने चिंच लावून तो इतका लखलखीत केला की शेजारपाजारची मुले तोंड बघायला येत.

आमच्या बंदरात धक्का नव्हता. आगबोट खोल पाण्यात उभी राही आणि उतारूंना पडावातून तिच्यापर्यंत नेत. भर दुपारची वेळ. पडावावरच्या म्हाताऱ्या खलाशाने पिंजरा पाहिला आणि म्हणाला, "मास्तर, ह्यो पिंजरा नको. पाखरू करंडीत घाला नि वरून गोणपाट टाका." वडील हसले. सतरा रुपयांचा पिंजरा सोडून पाखरू मासळीसारखे करंडीत घालून मुंबईला न्यायचे, ही कल्पनाच त्यांना रुचली नसावी. "अहो, त्याला समुद्र तरी दिसू दे," असे काहीसे ते म्हणाले. खलाशाने पुन्हा सांगितले नाही.

राघूला समुद्र दिसला. पडाव लाटेवर चढला तसा झोपाळा एका बाजूला गेला आणि राघू दुसऱ्या. पितळी काड्या गुळगुळीत; चोचीने धरू गेला की चोच घसरे. तो पडे, चढे, पुन्हा पडे, आणि ओरडे ते काही राघूचे ओरडणे नव्हते. शेवटी त्याचा एक पाय तळाच्या दोन काड्यांत अडकला आणि तशातच एक गचका बसला. वडिलांनी दार उघडून त्याला सोडवले. पाय लोंबत होता. आत्या लाटेने इतकी बेजार झालेली की तिला मान उचलता येत नव्हती. वडिलांनी राघूला पंचात गुंडाळले आणि माझ्या हातात दिले. "घट्ट धर रे, उडाला तर समुद्रात जाईल."

मी आठ वर्षांचा होतो. मी घट्ट धरला. छातीशी धरला, दोन्ही हातांनी धरला. शिडीवरून मला कोणीतरी वर ओढले तेव्हाही सोडला नाही. आगबोटीच्या डेकवर पथारी पसरून आत्या जरा सावध झाली, तोवर तासभर लोटला असेल. तिने पंचा उलगडला. राघू अजून ऊबदार होता. आत्याने त्याच्या पिसांवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाली, "ऊन सोसले नाही त्याला."

आम्ही सगळे पुढे कित्येक वर्षे तेच म्हणत आलो, की राघू उन्हाने गेला.

असो. चीनकडे वळू, कारण जुन्या इतिहासात पोपटाच्या प्रवासाचा विचार पोपटाच्या बाजूने केलेला मला तिथेच आढळला. काळ बाणभट्टाच्याच शतकातला. ज्या तांग सम्राट ताइझोंगाकडे हर्षाने ६४१ मध्ये वकील पाठवला, त्याच्याच दरबारातली ही घटना आहे, दहा वर्षे आधीची. ६३१ साली लिन्यी राज्याने, म्हणजे हल्लीच्या मध्य व्हिएतनाममधल्या चंपाने, सम्राटाला पंचरंगी पोपट नजराणा म्हणून पाठवला. त्याच सुमारास कोरियातल्या सिल्ला राज्याकडून दोन सुंदर मुली नजराण्यात आल्या. मंत्री वेई झेंग स्पष्टवक्ता. त्याने सांगितले की हे स्वीकारणे बरे नव्हे. तेव्हा सम्राट उद्गारला, की लिन्यीचा पोपटसुद्धा इथली थंडी सोसवत नाही म्हणून सांगतो आणि मायदेशी जायची इच्छा धरतो. मग आप्तांपासून इतक्या दूर आलेल्या या दोन मुलींना काय वाटत असेल! त्याने मुली आणि पोपट, दोघांनाही आपापल्या वकिलांच्या हवाली करून परत धाडले. सिमा गुआंग या थोर चिनी इतिहासकाराने अकराव्या शतकात ही हकीकत नोंदवून ठेवली आहे.

पोपट खरोखर बोलला, की थंडीने फुगून बसलेल्या पाखराकडे पाहून एखाद्या शहाण्या नोकराने त्याच्या वतीने शब्द उच्चारले, हा वाद विद्वानांनी घालावा. छांगआनचा हिवाळा गोठवणारा आणि पोपट विषुववृत्ताकडच्या दमट रानातला, एवढे नक्की. मला मौज वाटते ती निराळीच. सम्राटाने त्याला सोन्याचा पिंजरा करून दिला असता तर कोणी नावे ठेवली नसती. त्याने त्याला परतीचा प्रवास दिला.

याहूनही अवघड प्रवास पोपटांनी केला आहे तो अमेरिका खंडात. आणि त्याचा पुरावा कवितेत नसून हाडांत आहे. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको संस्थानात चाको नावाची रुक्ष दरी आहे. तिथल्या प्राचीन वस्तीत तांबड्या मकाव पोपटांचे तीसहून अधिक सांगाडे सापडले. हे पोपट राहतात मेक्सिकोच्या दमट अरण्यात, हजार मैलांहून अधिक दूर. २०१५ साली या हाडांची कालगणना प्रसिद्ध झाली. काही पक्षी दहाव्या शतकातले, म्हणजे पूर्वी समजत त्यापेक्षा पुष्कळ जुने निघाले. त्या मुलखात तेव्हा ना घोडा ना बैल, ना चाकाची गाडी. हा हातभर शेपटीचा पक्षी माणसाच्या पाठीवरूनच आला. पुढे तेराव्या शतकापासून मेक्सिकोच्या उत्तर भागातल्या पाकिमे शहराने शहाणपणा केला. पक्षी पुन्हापुन्हा वाहून आणण्याऐवजी मातीची खुराडी बांधली, त्यांना दगडी वाटोळी दारे आणि दगडाचीच बुचे बसवली, आणि मकाव तिथेच वाढवले. १९५८ ते १९६१ च्या उत्खननात तिथे तीनशेवर मकाव सापडले.

दक्षिण अमेरिकेतली कथा तर अंगावर काटा आणणारी आहे. चिलीच्या उत्तरेस अटाकामाचे वाळवंट, जगातल्या सर्वांत कोरड्या प्रदेशांपैकी एक. तिथल्या जुन्या दफनभूमींतून मकाव आणि इतर पोपटांचे सत्तावीस पूर्ण-अपूर्ण देह मिळाले, किमान सहा जातींचे. कोरड्या हवेने ते सुकून जसेच्या तसे राहिलेले. काहींचे पंख पसरलेले, काहींची चोच उघडी आणि जीभ बाहेर. २०२१ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. काळ साधारण ११०० ते १४५०. हे पक्षी आले अॅमेझॉनच्या खोऱ्यातून, पाचशे किलोमीटरांहून अधिक वाट तुडवून, लामांच्या तांड्यांबरोबर, मध्ये उभी असलेली अँडीज पर्वताची बर्फाळ भिंत ओलांडून. हवे होते ते त्यांचे पीस. ती पुन्हापुन्हा उपटली जात. पण पक्षी जिवंत आणावा लागे आणि जिवंत ठेवावा लागे. माणसे जे मक्याचे अन्न खात तेच यांना चारत. काहींची हाडे मोडून पुन्हा सांधलेली आढळली. म्हणजे पाय मोडला तरी पाखरू फेकले नाही. कोणीतरी बसून त्याची निगा राखली. छळ आणि सांभाळ एकाच हाताने करावा, हे माणसालाच जमते.

सांधलेल्या हाडाचा तो उल्लेख मी तीनदा वाचला.

कोलंबसाच्या पोपटांवर मी फार वेळ घालवत नाही. १४९२ च्या ऑक्टोबरात बेटांवरच्या लोकांनी त्याला पोपट आणून दिले आणि १४९३ च्या वसंतात तो ते मिरवत स्पेनमध्ये फिरला. शाळकरी मुलालाही हे ठाऊक असते. त्यानंतर चार शतके पोपट हा जहाजावरचा किरकोळ माल झाला: आधी खलाशांच्या खाजगी कमाईचा, मग पेढ्यांच्या घाऊक व्यापाराचा. खोकी मोठी झाली आणि पाखरे दाटीने भरू लागली. त्याचे फळ १९२९ च्या हिवाळ्यात मिळाले. नाताळच्या भेटीसाठी दक्षिण अमेरिकेतून पोपटांच्या खेपा अमेरिकेत आणि युरोपात गेल्या आणि त्यांच्यामागून पोपटज्वराची साथ आली. एकट्या अमेरिकेत तीसहून अधिक माणसे दगावली. १९३० च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांना पोपटांच्या आयातीवर बंदी घालावी लागली. पुढे कॅलिफोर्नियात कार्ल मायर या शास्त्रज्ञाने या रोगाचा छडा लावला. वरून धडधाकट दिसणाऱ्या पक्ष्यातही जंतू दबून असतात. दाटी, भय, उपास आणि प्रवास यांनी पक्षी खचला की ते बाहेर पडू लागतात. बाणाला जे करुणेने दिसले, ते आता सरकारी आरोग्यखात्यांना भीतीने दिसले. प्रवासी प्राण्यांच्या खोक्यांविषयी विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेने आज जे बारीकसारीक नियम केले आहेत, त्यांच्यामागे अशा अनेक खेपांची स्मृती आहे.

ते नियम मी नातीसाठी वाचले आणि वाचता वाचता त्या म्हाताऱ्या खलाशाचा आवाज ऐकू येऊ लागला. पक्ष्याला वळता यावे, ताठ उभे राहता यावे, एवढेच खोके. त्याहून मोठे नको, कारण गचका बसला की मोठ्या पिंजऱ्यात तो जास्त लांब फेकला जातो. बसायची दांडी लाकडाची, खरखरीत, घट्ट ठोकलेली आणि खाली; शेपूट तळाला लागणार नाही एवढीच उंच. झोपाळा नको, घंटा नको. हवेला भोके हवीत, पण समोरच्या जाळीवर कापड सोडून आत सावली करावी, कारण धावते जग पाहून पक्षी बिथरतो. करंडी आणि वरून गोणपाट! विणलेल्या वेतात हवा खेळते, चोचीला धरायला जागोजागी मिळते, तळ घसरत नाही, आणि गोणपाटाखाली तिन्हीसांज होते. ज्याने आयुष्यभर कोंबड्या आणि पाखरे पडावातून नेली, त्याला हे कोणी शिकवायला नको होते. वेताच्या करंडीत एकच खोट. पोपट ती कुरतडून बाहेर येतो. पण तासाभराच्या पडावाला ती पुरली असती.

आणखी एक गोष्ट त्याच वाचनात पुढे आली. ती मला वीसेक वर्षांपूर्वी एका पशुवैद्याने प्रथम सांगितली होती. त्या दिवशी मी त्यांच्या दवाखान्यातून नमस्कारही न करता बाहेर पडलो. माणसाच्या छातीत आणि पोटात श्वासाचा पडदा असतो. पक्ष्याला तसा नसतो. त्याचा छातीचा पिंजराच भात्यासारखा पुढेमागे होतो, तेव्हा हवा आत-बाहेर जाते. त्याची छाती आवळून धरली, तर नाक-चोच मोकळी असूनही तो गुदमरतो. धरायचे ते मानेला हलक्या बोटांच्या कडीत. छाती मोकळी सोडायची.

मी घट्ट धरला होता.

आत्याला हे ठाऊक असेल का? तिने दहा वर्षे राघू हाताळला होता. तो पंचा उलगडताना मी किती वेढे दिले होते, ते तिने पाहिले होते. ती १९८४ मध्ये गेली, आणि तोवर या विषयावर तिच्या तोंडून एकच वाक्य मी ऐकले. तेही दर वेळी माझ्याकडे न पाहता: "ऊन सोसले नाही त्याला."

नातीला मी लांबलचक पत्र लिहिले. ही पिढी पत्र वाचत नाही असे म्हणतात. तिने वाचले आणि रात्री अकरा वाजता फोन केला. ती फक्त पिंजऱ्याविषयीच बोलली. पाठवलेल्या आठ चित्रांपैकी सात आम्ही मिळून रद्द केली. एक पारदर्शक घुमटाचा, मुलांच्या पाठपिशवीसारखा होता. उन्हात तो भट्टीच झाला असता, कारण पक्ष्याला घाम येत नाही, चोच उघडून धापा टाकणे एवढाच त्याचा उपाय. एक स्वस्त जस्तलेपी जाळीचा होता. पोपट जाळी चघळतो आणि जस्त त्याच्या पोटात जाते, ते विषच. शेवटी टणक प्लास्टिकच्या भिंतींचा, समोर पोलादी जाळीचा साधा डबा ठरला. त्याची कडी बाहेरून वळवून लावायची आहे, कारण उचलायची कडी कोकाटील दोन दिवसांत शिकतो. पाण्याची वाटी न ठेवता काकडीच्या फोडी ठेवायच्या. वाटी हिंदकळते आणि भिजलेले पाखरू गारठते. या जातीला मिट्ट काळोखाची भीती वाटते, रात्री एकाएकी दचकून ती पंख झाडू लागते. म्हणून कापड पातळ, पूर्ण झाकणारे नको. डबा मागच्या आसनावर, पट्ट्याने बांधलेला. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे निघण्याआधी पंधरा दिवस तो डबा घरात उघडा ठेवायचा, आत आवडते दाणे टाकायचे, म्हणजे पोपटाला ते आपले घर वाटू लागते.

"आणि आजोबा," फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "वाटेत तो घाबरला आणि बाहेर काढावा लागला तर?"

"काढू नकोस," मी म्हटले. "काढावाच लागला, तर छातीला हात लावू नकोस."

ती थोडा वेळ गप्प होती. मग "बरं," म्हणाली.

पोपट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बंगळुरूला पोचला. नातीने चित्र धाडले. डब्याचे दार उघडे, तुरा ताठ, आणि स्वारी अजून आतच बसलेली. बाहेर यायला तयार नाही. मी ते चित्र मोठे करून पाहिले. दांडी त्याने दोन्ही पायांनी पकडली होती आणि शेपूट तळाला लागत नव्हती.

आमचा पितळी पिंजरा माळ्यावर आहे. वडिलांनी तो विकला नाही आणि आत्याने पुन्हा कधी घासला नाही. एका दिवाळीला कोणीतरी त्यात विजेचा दिवा सोडून आकाशकंदील करावा असे सुचवले होते. तेव्हा आत्या काही न बोलता उठली आणि कागद, कामट्या आणि खळ घेऊन ओसरीवर बसली. त्या वर्षीचा कंदील तिने एकटीने केला.